रविवारी जेवायला कुणाकडे

राहुरीत आम्ही पहिल्यांदा चर्चला गेलो, तेव्हा आम्हाला कुणी 'या, बसा' म्हणालं नाही. फाटकाशी कडुलिंबाखाली एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. खाकी पँट, इस्त्रीचा पांढरा शर्ट, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. आम्हा चौघांकडे त्यांनी एकदा बघून घेतलं, सलाम केला आणि विचारलं,

"कोणत्या गाडीनं आलात?"

"चालत आलो," माझे मिस्टर म्हणाले.

"परतीची गाडी कोणती?"

"परत नाही जायचं. इथंच राहायला आलोय. साखर कारखान्यात लागलोय, लॅबमध्ये."

गृहस्थांनी मनगट उलटं करून घड्याळ बघितलं. परत न जाणारा पाहुणा त्यांच्या हिशेबात नसावा. मग त्यांनी आम्हाला आत नेऊन तिसऱ्या बाकावर बसवलं, आमच्या मुलीला खिडकीकडे, मुलाला मधे. उपदेश निम्म्यावर आला असेल, तेवढ्यात मागून वाकून ते माझ्या मिस्टरांच्या कानात म्हणाले, "दोन खोल्या आहेत. माझ्याच. मागच्या बाजूला. नळ सकाळी येतो. दुपारी बघून घ्या."

बुधवारी आमचं सामान त्या खोल्यांत होतं.

ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. सारं गाव त्यांना 'कंट्रोलर' म्हणायचं, चर्चचे पाळकसाहेबसुद्धा. मी काका म्हणायची. ते मला 'बाई' म्हणत, कारण मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. का, हे विचारायचं धाडस फक्त माझ्या सासूबाईंनी केलं. "जमलं न्हाई," असं उत्तर त्यांनी सासूबाईंच्याच बोलीत दिलं आणि विषय तिथं संपला.

रस्त्याकडची खोली त्यांची, मागच्या दोन आमच्या. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांनी स्टोव्हला किती पंप मारले ते आम्हाला मोजता यायचं. आठवडाभर हा माणूस असून नसल्यासारखा असायचा. सकाळी दाढी, बायबल, भाकरी, दुपारी वर्तमानपत्र, संध्याकाळी एसटी स्टँडवर एक चक्कर. तिथं आता त्यांचं काही काम नव्हतं. तरी नवीन कंट्रोलर खिडकीतून विचारायचा, "साहेब, संगमनेर कुठं लावू?" आणि हे सांगायचे.

शनिवार संध्याकाळपासून मात्र त्यांच्यात जीव यायचा. चर्चच्या पाहुण्यांचं काम त्यांच्याकडे होतं. कुणी दिलं होतं, ते कुणालाच आठवत नव्हतं. मी चर्चच्या पंचांपैकी दोघांना विचारलं. एक म्हणाले, दुसऱ्यांनी दिलं. दुसरे म्हणाले, "आम्ही कशाला देऊ? एक दिवस ते फाटकाशी उभे राहिले. तेव्हापासून उभेच आहेत."

राहुरी ही रस्त्यावरची. नगर-मनमाड रस्त्यानं येणारा-जाणारा रविवारी सकाळी गावात असला, तर चर्चमध्ये यायचाच. दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले, मुलगी बघायला आलेले, बदली होऊन आलेले, कृषी विद्यापीठात शिकायला लांबून आलेले, नुसतीच गाडी चुकलेले. साडेआठपासून काका लिंबाखाली. नवा चेहरा दिसला की तोच प्रश्न, कोणत्या गाडीनं आलात, परत कोणत्या गाडीनं जाणार. नाव ते विचारतच नसत. मी एकदा म्हटलं, "काका, आधी नाव तरी विचारावं माणसाचं."

"नाव विचारलं की आडनाव येतं," ते म्हणाले. "आडनाव आलं की आपला माणूस डोक्यात लगेच ठरवायला लागतो, हे कुठले, कोणाचे, पूर्वीचे कोण. मग ताट वाढताना हात तसा चालतो. जेवण झाल्यावर विचारतो मी."

चर्चमध्ये राहूनही आमच्या लोकांत ही चौकशी किती चालते, ते मला चांगलं माहीत होतं. पुढे मी त्यांना नावाचं काही म्हटलं नाही.

उपासनेत सूचनांची वेळ आली की पाळकसाहेब त्यांच्याकडे बघत. काका उठून उभे राहत आणि स्टँडवर घोषणा करावी तशा सपाट आवाजात सांगत, "आज आपल्यात पाच पाहुणे आहेत. दोघे नेवाशाचे, साडेबाराच्या गाडीनं परत. एक बाई आणि मुलगी श्रीरामपूरच्या, दीडची गाडी. एक गृहस्थ बोलत नाहीत." मग कोण कुणाकडे जेवायला जाणार, तेही तिथंच जाहीर. ज्याच्याकडे जाणार, त्याला आधी विचारलेलं नसायचं. भर मंडळीत नाव घेतल्यावर नाही कोण म्हणणार? मान हलवायची आणि घरात किती कांदे आहेत ते मनात आठवायचं.

ते वाटणी कशी करतात, हे मला वर्षभरानं कळलं. रविवारी सकाळी सातला ते मटणाच्या दुकानावरून फिरून येत. स्वतः काही घेत नसत. कोण रांगेत आहे आणि कोण किती घेतंय, तेवढं बघत. ज्यानं अर्ध्या किलोच्या वर घेतलं, त्याच्याकडे त्या दिवशी पाहुणा नक्की. ही गोष्ट फुटल्यावर चर्चमधली चार-पाच घरं शनिवारी संध्याकाळीच मटण आणायला लागली. काकांनी दोन आठवडे सोसलं. तिसऱ्या आठवड्यापासून ते शनिवारी संध्याकाळीही तिकडून फिरून यायला लागले.

पाळकसाहेबांचं आणि त्यांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. पाळकसाहेब माणूस चांगला, आवाज चांगला, पण उपदेश आवरायचा नाही. साडेबाराची गाडी असली की बाराला दहा कमी असताना काका मागच्या दारात उभे राहत आणि मनगट उलटं करून घड्याळाकडे बघत. नुसते बघत. पाळकसाहेबांची नजर तिकडे गेली की त्यांचं वाक्य तुटायचं. एकदा त्यांनी काकांना खोलीत बोलावून घेतलं. मी सूचनांचा कागद द्यायला गेले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"कंट्रोलर, देवाच्या वचनाला वेळेचं बंधन नसतं."

"साहेब, वचनाला नाही, पण नेवाशाच्या गाडीला असतं. गाडी गेली की त्या माणसाच्या लक्षात फक्त गाडी राहते. तुम्ही काय सांगितलं ते राहत नाही."

पुढच्या रविवारी पाळकसाहेब बाराला पाच कमी असताना थांबले. बाहेर येऊन मला म्हणाले, "आज सुटलो."

एकदा नगरहून मोठे पाहुणे आले, जीपमधून, चर्चच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन करायला. पंचांनी पुढं त्यांच्यासाठी गादीची खुर्ची ठेवली होती. त्याच वेळी वांबोरीहून एक म्हातारी आली. गुडघे गेलेले, बाकावर बसता येईना. काकांनी तिला गादीच्या खुर्चीवर बसवलं आणि मोठ्या पाहुण्यांना तिसऱ्या बाकावर. पाहुणे समजूतदार होते, हसून बसले. पंच मात्र हादरले. संध्याकाळी सभा झाली आणि काकांना समज देण्यात आली. ते हात मागे बांधून शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "ज्याच्या बुडाखाली जीप आहे, त्याला कुठंही कुणीही बसवेल. माझं काम बाकीच्यांचं." आणि पुढच्या रविवारी साडेआठला लिंबाखाली उभे.

आमचं घर चर्च आणि स्टँड यांच्या बरोबर मधे. त्यामुळे ज्यांची गाडी लवकर, ते पाहुणे आमच्याकडे, हे ठरूनच गेलं होतं. महिन्यातून तीन रविवार तरी आमच्याकडे कुणीतरी असायचं. माझे मिस्टर मिळून-मिसळून वागणारे, त्यांना आवडायचं. मुलांना तर फारच आवडायचं, कारण पाहुण्यांसमोर मी रागवत नसे. मुलगी पाहुण्यांना आपल्या वह्या दाखवायची. मुलगा दारातल्या त्यांच्या चपला घालून बाहेर फिरून यायचा. एका पाहुण्याची गाडी त्यापायी चुकता चुकता राहिली.

सासूबाई केडगावहून वर्षातून चार-पाच महिने आमच्याकडे येऊन राहत. त्यांना हा प्रकार बिलकूल पसंत नव्हता. "हे घर हाय का धर्मशाळा?" त्या भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणत, म्हणजे पलीकडे ऐकू जावं. पलीकडून काही आवाज येत नसे. मग त्या आणखी मोठ्यानं म्हणत, "आमच्या केडगावच्या देवळात बी पाव्हणे येत्यात. त्यांचं ते येत्यात, त्यांचं ते जात्यात." चर्चला त्या देऊळच म्हणत.

एकदा काकांनी नागालँडचा एक विद्यार्थी आणून सोडला. कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करणारा. त्याला मराठी येत नव्हती, आणि काका त्याच्याशी अगदी सावकाश, मोठ्या आवाजात मराठीतच बोलत होते. "तुम्ही इंग्रजी शिकवता," मला म्हणाले, "म्हणून तुमच्याकडे." सासूबाईंना वाटलं, बाहेरगावचं नाजूक लेकरू, ह्याला आपलं तिखट झेपायचं नाही. त्यांनी त्याच्यासाठी वेगळं फिकं कालवण काढलं. त्यानं दोन घास खाल्ले, इकडे-तिकडे पाहिलं आणि बोटानं टोपलीतली हिरवी मिरची दाखवली. मग एकामागून एक पाच मिरच्या नुसत्या चावून खाल्ल्या. सासूबाई पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "ह्यो आपल्यातलाच हाय." पुढं दोन वर्षं तो येत राहिला, आणि सासूबाई केडगावहून येताना त्याच्यासाठी मिरच्या घेऊन यायच्या.

काका मात्र आमच्या दारातून आत कधी यायचे नाहीत. पाहुण्यांना उंबऱ्यापर्यंत सोडायचे, गाडीची वेळ सांगायचे आणि परत फिरायचे. चहा घ्या म्हटलं तर "आत्ताच झाला." चार वर्षांत त्यांनी आमच्याकडचा चहाचा एक कप घेतला नाही. नाताळाच्या फराळाचं ताट मी त्यांच्या दाराशी नेऊन द्यायची. दुसऱ्या दिवशी ते ताट धुऊन, त्यात दोन संत्री घालून परत यायचं. मला वाटायचं, फार सोवळं आहे या माणसाचं. शिष्टपणाच म्हणायचा तर म्हणा.

मग तो रविवार आला.

सहामाहीचे पेपर घरात आलेले, दोन वर्गांचे. मंगळवारी द्यायचे होते. गळीत हंगाम सुरू झालेला, म्हणून मिस्टर रात्रपाळी करून येऊन झोपलेले. मुलाला शुक्रवारपासून ताप. सासूबाई आदल्या आठवड्यात आलेल्या, पण त्यांची कंबर धरलेली. मी चर्चला गेलेच नव्हते. डाळ-भात लावून पेपर घेऊन बसले होते. साडेबाराला मागच्या दाराशी खाकरल्याचा आवाज आला. काका. त्यांच्यामागे चाळिशीचा एक माणूस, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी, आणि त्याची म्हातारी आई.

मला एकदम भरून आलं, आणि ते रागाचं होतं. मी दारातच उभी राहून म्हटलं, "काका, आज जमणार नाही."

चार वर्षांत पहिल्यांदा मी नाही म्हटलं होतं. त्यांचा चेहरा बदलला नाही. "बरं," म्हणाले. मग त्या दोघांकडे वळून, "या, पुढच्या दारानं."

दार लावून मी परत पेपर घेतला. एका मुलीनं निबंधात काय लिहिलंय, ते तीन वेळा वाचलं तरी डोक्यात जाईना. भिंतीपलीकडे स्टोव्हचा आवाज सुरू झाला. मग भांड्याचा. मग तो माणूस बोलताना ऐकू आला, "कशाला तरास घेता सायेब. आमी दवाखान्याजवळ पाव खाऊन घेऊ. चार दिस त्येच खातोय."

"बसा," काकांचा आवाज.

"मालकिनीचं आपरेशन झालंय. पोटाचं. आता बरी हाय."

"बसा. पिठलं होतंच आलं."

काकांना स्वयंपाक म्हणून एकच गोष्ट यायची, आणि तीही नीट यायची नाही. थोड्या वेळानं भिंतीच्या वरच्या फटीतून करपल्याचा वास आमच्या खोलीत आला. मी मान वर केली नाही. सासूबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्यात.

"पिठलं लागलं," त्या म्हणाल्या.

मी पुढचा पेपर ओढला.

"भात किती हाय?"

"आपल्यापुरता आहे, आई."

त्या हळूहळू उठून बसल्या. कमरेला हात लावून एक मिनिट तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्यापुरता म्हंजे किती, ते कुनी मापलंय का? पातेलं दे हिकडं."

"तुम्हाला उभं राहवत नाही, आणि—"

"पातेलं दे."

एका हातात भाताचं पातेलं, दुसऱ्या हातानं भिंत धरत त्या अंगणातून पुढच्या दाराकडे गेल्या. ज्या बाईनं चार वर्षं त्या भिंतीला धर्मशाळा ऐकवली होती, तीच. मला त्यांचा राग आला, काकांचा आला, आणि मग बसल्या जागी माझा स्वतःचाच इतका आला, की मी डाळीचं भांडं उचललं, लोणच्याची बरणी काखेत मारली आणि त्यांच्या मागं गेले.

पुढच्या खोलीत मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते. एक खाट, एक ट्रंक, भिंतीवर एसटीचं जुनं वेळापत्रक चौकटीत लावलेलं. माणूस आणि त्याची आई सतरंजीवर बसले होते. सासूबाई खाटेवर टेकून भात वाढत होत्या. काका दारापाशी उभे होते, हात मागे.

"बसा," सासूबाई त्यांना म्हणाल्या.

"मी नंतर जेवतो आक्का."

"नंतर काय उरायचं न्हाई. बसा."

"नको. मी पाहुण्यांबरोबर बसत नाही."

"का वं? पाव्हण्यांनी काय पाप केलंय?"

काकांनी मागचे हात सोडले. मग त्या दोघांसमोरच सांगितलं, लपवण्यासारखं त्यात काही नाही अशा आवाजात. "मी सडाफटिंग माणूस. दर रविवारी लोकांच्या घरी पाहुणे नेतो. बरोबर मीही जेवायला बसलो, तर लोक म्हणतील, कंट्रोलर पाहुण्यांच्या नावावर स्वतःचं पोट भरतो. एकदा कुणी तसं म्हणालं की मला कुणाच्या दारात पाहुणा घेऊन जाता येणार नाही. म्हणून मी चहासुद्धा घेत नाही."

माझ्या हातातलं डाळीचं भांडं गरम होतं, तरी ते खाली ठेवायचं मला सुचलं नाही. चार वर्षं मी त्याला शिष्टपणा म्हणत होते.

सासूबाईंनी एक ताट घेतलं, त्यात भात वाढला, डाळ ओतली, वर ते करपलेलं पिठलंही वाढलं. "ही खोली तुमची," त्या म्हणाल्या. "म्हंजे आज पाव्हणे तुमच्या घरी हायेत. आपल्या घरात आपन जेवलं तर कोन काय म्हनंल? बसा आता. भात गार व्हतोय."

काका बसले. भात कमी होता, सगळ्यांना थोडा थोडा आला. पिठल्याला करपल्याचा वास होता, पण तो माणूस दोनदा मागून घेत म्हणाला, "पावापरीस लई ब्येस."

जेवण झाल्यावर त्याच्या आईनं मला विचारलं, "घरात कुनी आजारी हाय का ग? तुजा जीव थाऱ्यावर न्हाई." मी मुलाचं सांगितलं. ती उठली, आमच्या खोलीत आली, मुलाच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याच्या उशाशी बसली. ओल्या फडक्याच्या घड्या बदलत, कुठलीशी गोष्ट सांगत साडेतीनपर्यंत बसून होती. तिचा मुलगा दवाखान्यात जाऊन बायकोला बघून परत आला, तरी ती उठली नाही. तेवढ्या वेळात माझा एक आख्खा वर्ग तपासून झाला. संध्याकाळी मुलाचा ताप उतरला. ती जाताना मी तिला नमस्कार केला आणि तेव्हा पहिल्यांदा तिचं नाव विचारलं.

त्या दिवसानंतर सासूबाईंनी दोन कायदे केले. एक, दर रविवारी कंट्रोलर आमच्याकडे जेवतील, पाहुणे असोत नाहीतर नसोत. काकांनी त्याला अट घातली, भाजी त्यांची. दुसरा कायदा माझ्यासाठी. ज्या रविवारी मला जमणार नसेल, त्या रविवारी मी मागच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवायची. काकांनी ती बघून पाहुणे दुसरीकडे न्यायचे, आणि त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारायचं नाही. पुढच्या तीन वर्षांत ती पिशवी मी दोनदा अडकवली. त्यातही एकदा चुकून, वाळत घातली होती.

काका जेवायला बसले की फार बोलायचे नाहीत. पण सासूबाईंशी शेंगा फोडत ओट्यावर बसले की बोलायचे. सासूबाईंनीच मला पुढे सांगितलं. काका नोकरीला नवीन लागले तेव्हा दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी होते. तिथल्या चर्चमध्ये सहा महिने दर रविवारी जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि डेपोच्या कँटीनला येऊन जेवायचे. सहा महिन्यांत त्यांच्याशी एकच माणूस एकदाच बोलला. म्हणाला, पंखा बंद करा. "आन् ह्येनी केला बंद," सासूबाई मला म्हणाल्या. "आता मला सांग, अशा मानसाला काय बोलायचं?" त्या वर्षापासून केडगावला गेल्यावर तिथल्या चर्चच्या फाटकाशी त्या स्वतः उभ्या राहायला लागल्या, असं माझ्या नणंदेनं पत्रातून कळवलं. कंबर दुखते म्हणून स्टूल घेऊन.

काकांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या रविवारपर्यंत ते लिंबाखाली होते म्हणतात. आम्ही तेव्हा राहुरीत नव्हतो. पिठल्याच्या त्या रविवारानंतर तीन वर्षांनी मिस्टरांना राहात्याकडच्या एका कारखान्यात चांगली जागा मिळाली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. निघताना काकांनी टेम्पोत सामान कसं लावायचं ते सांगितलं, मुलांना पुढं ड्रायव्हरजवळ बसवलं, सासूबाईंना सलाम केला. मला म्हणाले, "बाई, नवीन गावात पहिले काही रविवार जड जातात. आपण होऊन बोलावं."

राहात्याला पहिल्या रविवारी चर्चला गेलो. लहानशी मंडळी. फाटकाशी कुणी नव्हतं. आत गेलो, बसलो, उठलो, गायलो. माझ्या शेजारी पंचावन्नच्या आसपासची एक बाई बसली होती, साधी सुती साडी, हातात रुमालात बांधलेलं बायबल. ती कुणाशी बोलत नव्हती, तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं, हीसुद्धा आपल्यासारखीच नवीन. उपासना संपल्यावर काकांचं बोलणं आठवून मी तिच्याकडे वळले आणि म्हटलं, "सलाम. तुम्ही आज आमच्याकडे जेवायला या."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी?"

"हो. तुम्ही कुठून आलात?"

"मी हितलीच," ती म्हणाली. "तीस वर्सं झाली, ह्याच बाकावर बसते."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. मिस्टर खोकल्यासारखं करून बाहेर निघून गेले. मी माफी मागायला लागले, तर ती बाई म्हणाली, "माफी कशाची? आज मला कुनीतरी इचारलं." आणि बायबल काखेत घेऊन ती आमच्याबरोबर चालायला लागली. जेवली. आमटीत मीठ कमी आहे, हेही मोकळेपणानं सांगितलं.

हे सगळं मी काकांना पत्रानं कळवलं, त्यांना हसू येईल म्हणून. आठ दिवसांत पोस्टकार्ड आलं, टपोऱ्या, एकसारख्या अक्षरात.

'सलाम. पत्र पोचलं. चूक झाली असं समजू नये. पण एकदा जेवायला घालून सोडून दिलंत, तर त्या बाई आणखी तीस वर्षं थांबतील. लवकर परत बोलवावं. इकडे सर्व ठीक. मुलांना आशीर्वाद.'

त्या रविवारी मी तिला पुन्हा बोलावलं. ती आली ती पिशवीभर पेरू घेऊन, मालकांना घेऊन, आणि तिची जाऊही बरोबर होती, जिला मी बोलावलं नव्हतं. घरात ताटं पुरेनात. मिस्टर शेजारी मागायला गेले. दोन ताटं घेऊन शेजारीण स्वतःच आली. ती काही आमच्या चर्चची नव्हती, आणि तोवर आमची तोंडओळखही नव्हती. उंबऱ्यात उभी राहून आत डोकावत म्हणाली, "कालवणाचा वास आमच्या घरापर्यंत आला."

मी बायांना जरा सरकायला सांगितलं आणि तिच्यासाठी पाट मांडला.